आजही बंद

१

आठवडाभर लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची आणि सुट्टीच्या दिवशी भिंती फ्रेममध्ये बसवायच्या, हाच आमच्या येड्याचा उद्योग, असं ताई येईल त्याला सांगे. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिने त्याला वाढवलं. त्यात तिचं स्वतःचं लग्न 'बघू पुढे' म्हणता म्हणता राहून गेलं, आणि आता गुडघ्यांनी तिला घरात बसवलं होतं. एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोघंच राहत. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. ताई टोमणे मारी खरी, पण त्याचा प्रत्येक फोटो स्वतःचा चष्मा पदराला पुसून नीट बघे.

'ऊनसावली' नावाच्या फोटोवाल्यांच्या एका ऑनलाइन गटात तो होता. तिथे कुणाला कुणाचं खरं नाव ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. हा तिथे काचवाला. गट चालवायचे मास्तर. ते निवृत्त चित्रकला शिक्षक होते आणि एकटेच राहत. नवख्या माणसाला स्वतः फोन करून उजेड कसा पाहायचा हे तास तास समजावत बसणं ही त्यांची हौस. काचवाल्याला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं, तेही फोनवरूनच. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण आवाज पक्का ओळखीचा झाला होता.

आणि एक दुपारवाली. तिच्याबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. ती रोज दुपारी एक फोटो टाकायची आणि तो नेहमी एकाच जागेचा असे. फिकट हिरवं बंद दार, त्याच्यासमोर एक लाकडी खुर्ची, जमिनीवर उन्हाचा चौकोन. खुर्ची दाराकडे कललेली, तिची पाठ दाराच्या मुठीखाली घट्ट रुतलेली. फोटोखाली दोनच शब्द: 'आजही बंद.' त्यावर गटातली मंडळी तुटून पडत. कुणी म्हणे, वा, काय एकटेपण आहे. कुणी म्हणे, हे मनाचंच दार. काचवाल्यानेही एकदा मोठा परिच्छेद लिहिला होता. दुपारवालीने कधी कुणाला उत्तर दिलं नाही.

मग तिचे फोटो येईनासे झाले. बरेच दिवस वाट पाहून मास्तरांनी जाहीर केलं की या वेळची सलामी दुपारवालीला. सलामी हा गटाचा रिवाज होता. एका सभासदाची एक फ्रेम निवडायची आणि ती प्रत्येकाने आपापल्या घरात नव्याने उभी करायची. ज्याची सलामी सरस ठरेल, पुढच्या खेपेला त्याच्या फ्रेमला सलामी. दुपारवाली गेली असावी असंच सगळ्यांनी मनात धरलं होतं, पण तसं लिहिलं कुणीच नाही.

२

बहुतेकांनी वेळ मारून नेली. कुणी फ्रीजसमोर स्टूल ठेवलं, कुणी गॅलरीत आरामखुर्ची. काचवाल्याला असलं कामचलाऊ काही जमत नसे. त्याच्या मागच्या खोलीत ऊन हवं तसं यायचं, पण ज्या भिंतीवर यायचं त्या भिंतीला दार नव्हतं. तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानातून त्याने चौकटीसकट एक दार उचललं. दोन हमालांनी कुरकुरत ते वर चढवलं. चौकट भिंतीला चिकटवून उभी केली, खिळे मारले, दाराला फिकट हिरवा रंग दिला. दार उघडलं की समोर चुन्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे मोकळं आकाश.

"घरात दारं काय कमी होती?" ताई उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. "आणि हे जातं कुठे?"

"कुठेच नाही."

"मग बरं. झाडायला आणखी एक खोली नको."

खुर्ची ताईची होती, जेवणाच्या टेबलाजवळची. दुपारवालीसारखीच त्याने ती मुठीखाली रुतवली, कॅमेऱ्यातून पाहिलं आणि नाक मुरडलं. सगळं एकमेकांना चिकटून गुदमरल्यासारखं दिसत होतं. फ्रेममध्ये हवा पाहिजे, हे मास्तरांचं लाडकं वाक्य त्याला आठवलं. दुपारवालीचा हात चांगला, पण एवढी एक गोष्ट तिच्या लक्षात आली नसावी, असं त्याला वाटलं. त्याने खुर्ची वीतभर पुढे ओढली, सरळ केली. खुर्चीची सावली दारावर सुरेख पडली. फोटो काढून त्याने गटात टाकला आणि खाली लिहिलं, 'आजही बंद. दुपारवालीस.'

संध्याकाळपर्यंत कौतुकाचा पाऊस पडला. मास्तरांनी लिहिलं, 'शिष्य गुरूच्याही पुढे गेला.' ताईने चष्मा पुसून फोटो पाहिला. "छान आहे," ती म्हणाली. "पण दार नीट लावायचं तरी."

"लावलंय की."

"बरं बाबा, लावलंय," ताई म्हणाली आणि आत गेली.

३

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याने फोटो मोठा करून पाहिला. ताईचं बरोबर होतं. दार आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट होती.

लाकूड जुनं, रंग ओला, वरून ऊन. वाकलं असेल. त्याने स्वतःची अशी समजूत घातली आणि ती चांगली पटली. मग त्याने आणखी मोठं केलं. दारामागे, अगदी चिकटून, चुन्याची भिंत होती. फटीतून पांढरं दिसायला हवं होतं. फट काळी होती. नुसती सावलीची काळी नव्हे. खोल खोलीत डोकावल्यावर दिसतं तसं, मागे मागे जाणारं ते काळं होतं.

भिंगातून काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणं हे त्याचं रोजचं काम. डोळे दगा देत नाहीत हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या क्षणी तेच त्याला नको होतं.

घरी येऊन चपला न काढताच तो मागच्या खोलीत गेला. दार बंद होतं. त्याने मूठ धरून ओढलं. समोर चुना, त्याने मारलेले खिळे, एक कोळ्याचं जाळं. त्याने भिंतीवर तळहात टेकवला. भिंत थोडी गार लागली, पण दिवसभर दार बंद असल्यावर लागणारच. त्याने दार लावलं, हसला, आणि खुर्ची होती तिथेच ठेवली.

रात्री जेवताना फोनवर गट उघडला तर तिथे धांदल उडालेली. दुपारवालीने लिहिलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने कुणाच्या फोटोखाली काही लिहिलं होतं, आणि ते त्याच्या फोटोखाली होतं.

'खुर्ची टेकवा.'

लोकांना आनंद झाला होता. 'शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला,' मास्तरांनी लिहिलं होतं. 'आम्ही तर घाबरलो होतो.' कुणीतरी खाली थट्टा केली होती, की काचवाल्याची रचना बाईंना पसंत नाही दिसत. काचवाल्याला थोडा रागही आला. मग त्याने तिला स्वतंत्र निरोप पाठवला, की जरा दूर ठेवल्याने सावली चांगली येते. त्याखाली स्वतःचा नंबर दिला, चर्चा करायला आवडेल म्हणून.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका म्हातारबुवांच्या चष्म्याची दांडी बसवत होता. नेहमीप्रमाणे ताईला फोन लावला, औषध घेतलं का विचारायला.

"घेतलं. आता तुझ्या त्या खोलीत बसलेय. ऊन काय छान येतं रे इथे."

"कशावर बसलीस?"

"खुर्चीवर. जमिनीवर बसले तर उठवायला कोण आहे? डगमगत होती, म्हणून मागे दाराला टेकवली." मग तिने आवाज खाली आणला. "एक विचारू का? तू कुणाला आणलंयस?"

"म्हणजे?"

"मागे कुणी बाई आहे. फार गोड बोलते. मला म्हणते, जरा उठता का. मी म्हटलं, बाई, माझे गुडघे धरलेत, जरा दम धर."

हा प्रकार खालच्या मजल्यावरचा असेल, जुन्या इमारतीत आवाज कुठूनही कुठे जातो, असं त्याच्या डोक्यात आलं. पण तोंडातून भलतंच निघालं. "ताई, उठू नकोस. मी येतोय."

म्हातारबुवांना तसंच टाकून तो निघाला. रस्ता नेहमीचाच होता, उन्हात माणसं नेहमीसारखीच चालत होती, आणि जिना चढताना त्याला स्वतःच्या घाईची लाज वाटली. मागच्या खोलीत ताई खुर्चीत बसली होती, पाय जमिनीत रोवून. तिच्या चेहऱ्यावरची गंमत उतरली होती.

"ढकलतेय," ती म्हणाली. "हळूहळू. मघाशी नव्हती ढकलत."

तो जवळ गेला आणि त्यानेही ऐकलं. दारामागून, त्याच्या छातीच्या उंचीवरून, एक बाईचा आवाज येत होता. थोडा बसलेला, अगदी अदबशीर.

"जरा उठता का हो? तेवढं."

त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. फोन त्याने कधी कानाला लावला ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"काचवाले ना? मी दुपारवाली. जरा ऐकता का, तेवढं."

बसलेला, अदबशीर आवाज. एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात दारामागून. दोन्हीकडे तीच बाई.

५

दुपारवाली थोडंच बोलली, आणि मध्ये मध्ये रडली. फोटो टाकणं बंद झालं, कारण हात मोकळा राहिला नव्हता. नुसती खुर्ची पुरेना, तेव्हा ती स्वतःच खुर्चीत बसून राहिली होती. शेजारीण जेवण आणून द्यायची आणि हिला वेड लागलंय म्हणून सांगत फिरायची. मग गेल्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ढकलणं एकदम थांबलं. तिने फोन घेतला, गट उघडला, तर समोर त्याचा फोटो.

"काल मी दार उघडलं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत कपाट आहे हो. माझ्याच जुन्या साड्या आहेत. मी खूप वेळ त्या हातात घेऊन बसले."

"मी हे दार आत्ताच काढून फेकतो," तो म्हणाला.

"चौकट हलवू नका. मी हलवून पाहिली होती." ती म्हणाली. "दार असलेलं बरं."

तिने माफी मागितली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिचा नंबर लागला नाही, आणि गटातूनही ती निघून गेली.

त्याने तरी चौकट हलवून पाहिलीच. ताईला घट्ट बसायला सांगून त्याने एका बाजूचा खिळा उपसला आणि चौकट जराशी पुढे घेतली. तिथे भिंत असायला हवी होती. गार वारा आला आणि त्या वाऱ्याबरोबर, खूप आतून, एक दार लोटल्याचा आवाज आला. त्याच्याही मागे आणखी एक. कुणीतरी एकेक दार मागे टाकत इकडेच येत असावं तसा. त्याने चौकट दाबून धरली आणि तिथेच खिळा पुन्हा ठोकला, बोटावर हातोडी बसली तरी थांबला नाही.

मग त्यांची पाळी लागली. रात्री आणि सकाळी तो बसायचा, दुपारपासून ताई. जेवण शेजारच्या डब्यावर आलं. दुकानात त्याने कावीळ झाल्याचं कळवलं. ताई खुर्चीत बसून विणायची आणि मधूनच दाराला म्हणायची, "गप ग जरा, टाके चुकतात." पण तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. रात्री तिला खुर्चीवरून उचलताना ती तोंडातून आवाज काढत नसे, आणि तेच त्याला बघवत नसे.

एके सकाळी त्याच्या पाठीशी आवाज बदलला. बाईचा राहिला नाही. आधी नुसती कुजबुज, मग कुणी शब्द जुळवून पाहावेत तसं. मग स्पष्ट.

"ताई," आवाज म्हणाला, "औषध घेतलं का?"

तो आवाज त्याचाच होता.

६

मास्तरांचा निरोप त्याच आठवड्यात आला. 'काचवाले, अपेक्षेप्रमाणे तुमची सलामी सगळ्यांत सरस. तेव्हा पुढची सलामी तुमच्या फ्रेमला. येत्या सुट्टीच्या दिवशी सगळे करणार.'

तेव्हा ताई खुर्चीत होती. त्याचे हात मोकळे होते. त्याने सगळं लिहून काढलं, पहिल्या फटीपासून. वाचून पाहिलं तर एखाद्या वेड्याने लिहावं तसं वाटत होतं. ते पुसून त्याने नुसतं 'नको' लिहिलं. तेवढ्यात मास्तरांचा दुसरा निरोप आला.

'बाकीचे नेहमीप्रमाणे उरकतील. मी मात्र जशीच्या तशी करणार. आमच्या कोठीच्या खोलीला तसंच दार आहे, रंगही देऊन झाला. फक्त एक सांगा. दुपारवालीची खुर्ची दाराला टेकलेली, तुमची वीतभर पुढे. कुठली धरू?'

त्याने निरोप पुन्हा वाचला. म्हातारा माणूस. एकटा. कुठल्या तरी गावात, दुपारच्या उन्हात, ब्रश धुऊन उत्तराची वाट बघत बसलेला. त्याला कॅमेरा धरायला शिकवणारा.

"कोण आहे?" ताईने विचारलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्ची एकदा कचकन हलली आणि तिने दोन्ही पाय रेटून ती मागे नेली. मग डोळे मिटले. "पाणी दे रे थोडं."

तिला पाणी देऊन तो पुन्हा फोनकडे आला. दारामागून त्याचाच आवाज ताईला हाक मारत होता, लहानपणी तो मारायचा तशी, शेवटचा स्वर लांबवून. ताई तोंड फिरवून रडत होती.

त्याने 'नको' पुसलं आणि लिहिलं, 'थोडी पुढे ठेवा, मास्तर. फ्रेममध्ये हवा राहते.'

७

सुट्टीच्या दिवशी दुपारी ढकलणं थांबलं.

आधी दोघांनाही ते कळलं नाही. ताई विणता विणता थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. खालच्या रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली. बाकी काही नव्हतं. तिने पाय सैल सोडले. खुर्ची जागची हलली नाही.

"गेली," ताई म्हणाली.

त्याने तिला उठवून बाहेरच्या खोलीत बसवलं. मग परत येऊन मूठ धरली, श्वास रोखला आणि दार ओढलं. चुना. खिळे. कोळ्याचं जाळं, आता जरा मोठं झालेलं. त्याने भिंतीवर दोन्ही हात टेकवले आणि कपाळही टेकवलं. आपण वाचलो एवढंच त्याच्या मनात होतं, आणि दुसरं काही मनात येऊ नये म्हणून तो ते पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बाहेर ताई स्वतः उठून स्वयंपाकघरात गेली होती. भिंतीचा आधार घेत, पण स्वतः. तिने भांडं गॅसवर ठेवल्याचा आवाज आला. "चहा टाकते," ती म्हणाली. "कितीतरी दिवसांत हातचा प्यायलो नाही."

त्याने गट उघडला. मास्तरांचा फोटो नुकताच आला होता. फिकट हिरवं दार, उन्हाचा चौकोन, खुर्ची वीतभर पुढे. म्हाताऱ्याने सावली अशी पकडली होती की काचवाल्यापेक्षाही सरस. खाली लोक वा वा करत होते. कुणी लिहिलं होतं, काय एकटेपण आहे. काचवाल्याने फोटो मोठा केला नाही.

फोन वाजला. मास्तर.

"अहो काचवाले," मास्तर हसत होते, "म्हाताऱ्याची गंमत करता होय? आलात कधी? सांगायचं तरी."

"कुठे आलो?"

"आता आणखी वेड पांघरा. मघापासून कोठीच्या खोलीतून हाका मारताय. तुमचा आवाज ओळखणार नाही का मी? म्हणताय, मास्तर, जरा दार उघडता का. पण आत शिरलात कुठून? एकच तर दार आहे तिला."

"मास्तर, मी माझ्या घरी आहे. ते दार उघडू नका. खुर्ची टेकवा. ऐकताय ना? खुर्ची दाराला टेकवा आणि तिच्यावर बसा."

पलीकडे मास्तर थोडे थांबले. त्या शांततेत, फोनपासून दूर, लाकडाच्या आडून, काचवाल्याने स्वतःला बोलताना ऐकलं. शब्द कळले नाहीत. आवाज त्याच्या आत्ताच्या आवाजापेक्षा पुष्कळ शांत होता, समजूतदार होता.

"बघा," मास्तर म्हणाले, "एकीकडून म्हणता उघडा, एकीकडून म्हणता नको. एक काय ते ठरवा. आणि फोनवर इतके घाबरल्यासारखे का बोलताय? आतून बरे बोलताय की."

"मास्तर, आत मी नाही."

"हो हो, तुम्ही नाही. नकला चांगल्या येतात तुम्हाला, एवढी वर्षं बोलला नाहीत." ते अजून हसत होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी घरी आलं होतं. "थांबा, उघडतो. तोंड तरी पाहू द्या एकदा."

"कुणाचा फोन रे?" ताईने आतून विचारलं.

त्याने फोन कानावर आणखी दाबला. पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग खुर्ची बाजूला सरकवल्याचा.